जाक ऑफेनबाख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफेनबाख फ्रेंच होता की जर्मन? आणि नावाचा उच्चार नेमका काय?

विनोदी, टवाळखोर फ्रेंच ऑपेरांसाठी गाजलेल्या या संगीतकाराचा जन्म 20 जून 1819, जर्मन प्रदेशातल्या कोलोन शहरात. जन्मनाव याकोब. वडील आयझॅक एबर्स्ट हे ज्यू प्रार्थनामंदिरात गायक होते. ते ऑफेनबाख-आम-माइन या गावचे, म्हणून कोलोनमध्ये लोक त्यांना गावाच्या नावाने ओळखू लागले आणि तेच आडनाव झाले. आपल्याकडे पुणेकर, नाशिककर होतात तसेच. मुलगा 14 वर्षांचा असताना पॅरिसला आला, याकोबचा जाक झाला, आणि पुढचे सगळे आयुष्य त्याने फ्रेंच भाषेच्या उच्चारांवर चाली बांधण्यात घालवले. 1860 मध्ये फ्रेंच नागरिकत्व, 1861 मध्ये लेजिऑन दॉनर हा सन्मान. त्यामुळे जन्माने जर्मन, कामाने पूर्ण फ्रेंच. जर्मन उच्चार ‘ऑफेनबाख’, पॅरिसमध्ये शेवटचा ‘ख’ कडक होऊन ‘ओफेनबाक’. मराठीत पहिला रुळला आहे, तोच इथे ठेवला आहे.

ऑपेरा-कोमिक, ऑपेरा-बुफ, ऑपेरेटा... हे सगळे एकच का?

नाही, आणि हा गोंधळ आधी सोडवला तर पुढचे बरेच सोपे जाते. ‘ऑपेरा-कोमिक’ म्हणजे विनोदी ऑपेरा असे नाव वाचून वाटते, पण नियम विनोदाचा नव्हता, संवादांचा होता. गाण्यांच्या मधले संवाद बोलले जात असतील तर तो ऑपेरा-कोमिक. सगळेच गायले जात असेल तर तो मोठ्या ऑपेराचा प्रांत. फ्रेंच संगीतकार बिझेच्या ‘कार्मेन’मध्ये शेवटी खून होतो, तरी 1875 मध्ये ती रंगमंचावर आली ती ऑपेरा-कोमिक म्हणूनच. मराठी वाचकाला हा साचा परका वाटू नये. गद्य प्रवेश, मग पद, पुन्हा गद्य, ही संगीत नाटकाची बांधणी आपल्या अंगवळणी आहे.

‘ऑपेरेटा’ म्हणजे छोटा ऑपेरा, सुरुवातीला बहुधा एकांकी. ‘ऑपेरा-बुफ’ हे नाव ऑफेनबाखने आपल्या मोठ्या, दोन-तीन अंकी, टवाळखोर कृतींना दिले. पॅरिसमध्ये ‘ऑपेरा-कोमिक’ नावाचे सरकारी अनुदानावरचे थिएटरही होते. प्रकार आणि इमारत यांचे नाव एकच असल्यामुळे लेख वाचताना कशाबद्दल चालले आहे हे दरवेळी तपासावे लागते.

तो मुळात संगीतकार म्हणून आला का?

चेलोवादक म्हणून. चेलो म्हणजे बसून वाजवायचे मोठे व्हायोलिनच. 1833 च्या नोव्हेंबरात वडील त्याला आणि थोरल्या भावाला घेऊन पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत विद्यालयात, गेले. संचालक केरुबिनी परदेशी विद्यार्थी घेत नसे. दहा वर्षांपूर्वी त्याने पियानोवादक लिस्टला परत पाठवले होते. जाकचे वादन ऐकून मात्र प्रवेश दिला. वर्षभरातच मुलाने शाळा सोडली आणि ऑपेरा-कोमिक थिएटरच्या वाद्यवृंदात चेलो वाजवू लागला. खरे शिक्षण तिथेच झाले. रोज रात्री रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसून प्रेक्षक कुठे हसतात, कुठे खोकतात, कोणत्या पदाला पुन्हा मागणी येते, हे त्याने खालून पाहिले. पुढे दिवाणखान्यांतल्या मैफलींत तो नामांकित झाला. 1850 ते 1855 ही पाच वर्षे तो कोमेदी-फ्रांसेज या नाट्यगृहात संगीत संचालक होता. त्याच काळात ऑपेरा-कोमिकच्या दारात आपल्या संहिता घेऊन तो उभा राही, आणि दार काही उघडत नसे.

मग स्वतःचे थिएटर का काढले?

दुसरा रस्ता नव्हता. त्या काळच्या पॅरिसमध्ये हवे ते नाटक हवे तिथे करता येत नसे. 1807 च्या नेपोलियनच्या हुकमापासून कोणते थिएटर कोणता प्रकार करील हे सरकार ठरवी. प्रत्येकाचा परवाना वेगळा, आणि परवान्यात पात्रांची संख्यासुद्धा लिहिलेली.

1855 मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. शाँझेलिझेवर, प्रदर्शनाच्या जवळ, साल लाकाझ नावाची लहानशी लाकडी रंगशाळा मोकळी होती. ती ऑफेनबाखने मिळवली, नाव ठेवले बुफ-पारिझियें, आणि 5 जुलै 1855 रोजी पहिला प्रयोग केला. त्या रात्रीच्या चार छोट्या तुकड्यांपैकी ‘ले दझाव्हग्ल’ म्हणजे ‘दोन आंधळे’ हा तुफान चालला. पुलावर दोन भिकारी, दोघेही आंधळे असल्याचे सोंग करणारे. एकाकडे ट्रोम्बोन, दुसऱ्याकडे मँडोलिन, भांडण कशावरून तर बसायच्या जागेवरून. वाटसरू आला की दोघे एकदम लाचार, गेला की पुन्हा हमरीतुमरी. दोन नट, एक पूल, थोडे वादक. इतक्या भांडवलावर हे सगळे उभे राहिले.

लाकडी रंगशाळेत थंडीत बसवेना. म्हणून 29 डिसेंबर 1855 रोजी मुक्काम पासाज श्वाझलमधल्या नव्या जागेत हलला. उद्घाटनाला ‘बा-ता-क्लां’ ही चिनी सोंगाची एकांकिका केली. पॅरिसच्या बाताक्लां या प्रसिद्ध सभागृहाचे नाव हिच्यावरूनच पडले.

पात्रांची संख्या कायद्याने ठरवलेली, हे खरे आहे?

खरे आहे. सुरुवातीच्या परवान्यात एकच अंक आणि बोलणारी-गाणारी पात्रे तीन, नंतर चार. ऑफेनबाखच्या पहिल्या तीन वर्षांच्या कृती ऐकताना ही मोजणी डोक्यात ठेवावी. कोरस नाही, म्हणून चार जणांनीच गर्दीचा भास द्यायचा. त्यातून चौघांच्या समूहगानात एकेकाला वेगळी लय, वेगळा शब्द देण्याची सवय त्याला लागली. पुढे चाळीस माणसे हाताशी आल्यावरही ती सुटली नाही. त्याच्या मोठ्या अंकान्त-दृश्यांत शब्द इतके स्वच्छ ऐकू येतात याचे मूळ आम्हाला या तंगीत दिसते.

1857 च्या ‘क्रोकफेर’मध्ये पाचवे पात्र हवेच होते. तेव्हा त्याने एक सरदार आणला ज्याची जीभ लढाईत कापली गेली आहे. त्याला बोलता येत नाही, म्हणून तो बोलणारे पात्र नाही. त्याला काही म्हणायचे असले की तो लिहिलेल्या पाट्या वर धरतो. कायदा अक्षरशः पाळला गेला आणि हशाही पिकला.

1858 मध्ये ही मर्यादा उठली. त्या मार्चमध्ये आलेल्या ‘मेदाम द ला आल’मध्ये पहिल्यांदा भरगच्च पात्रे आणि कोरस दिसतो. थिएटरांवरचे परवान्यांचे सगळे बंधन 1864 च्या हुकमाने संपले.

बिझेने त्याची स्पर्धा जिंकली होती म्हणतात, ती कोणती?

1856 ची. ऑपेरा-कोमिक थिएटर आता जड, थोरल्या ऑपेरासारखे झाले आहे आणि मूळचा हलका फ्रेंच बाज हरवला आहे, असा लेख ऑफेनबाखने लिहिला आणि नव्या संगीतकारांसाठी स्पर्धा लावली. 78 जणांनी नावे दिली. चाळणी होत सहा उरले, त्या सगळ्यांना ‘ल दॉक्तर मिराक्ल’ ही एकच संहिता चालीसाठी दिली. पहिला क्रमांक दोघांना विभागून, जॉर्ज बिझे आणि शार्ल लकोक. 1857 च्या एप्रिलमध्ये दोन लागोपाठच्या रात्री दोघांचे प्रयोग झाले. बिझे तेव्हा 18 वर्षांचा होता. लकोक पुढे ऑपेरेटातला ऑफेनबाखचाच मोठा प्रतिस्पर्धी झाला.

‘ऑर्फे ओझाँफेर’ इतके गाजायचे कारण काय?

नावाचा अर्थ ‘पाताळातला ऑर्फियस’. ग्रीक पुराणातली ही कथा तिथे मुळात सगळ्यांना पाठ. ऑर्फियस मेलेल्या बायकोला परत आणायला पाताळात जातो. ऑफेनबाखच्या आवृत्तीत (21 ऑक्टोबर 1858, बुफ-पारिझियें) नवरा-बायको एकमेकांना कंटाळले आहेत, नवरा व्हायोलिन शिकवतो आणि बायकोला त्याचे वाजवणे सहन होत नाही. ती मेल्यावर तो सुटकेचा श्वास टाकतो. पण ‘लोकमत’ नावाचे एक पात्र येऊन त्याला दरडावते की लोक काय म्हणतील, जा आणि तिला घेऊन ये. देवांच्या ऑलिंपस पर्वतावर देव रोजच्या अमृताला विटले आहेत आणि बंड करतात. बंडात ‘मार्सेयेज’ची धून ऐकू येते. दुसऱ्या साम्राज्याच्या, म्हणजे तिसऱ्या नेपोलियनच्या, काळात हे क्रांतिगीत सरकारला नकोसे होते, त्यामुळे प्रेक्षकांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. ऑर्फियस देवांपुढे दुःख गातो तेव्हा याच कथेवरच्या ग्लुकच्या जुन्या, गंभीर ऑपेरातली प्रसिद्ध विलापाची चाल जशीच्या तशी येते.

सुरुवातीला धंदा बरा चालत होता, इतकेच. 1859 च्या आरंभी ज्यूल जानें या वजनदार समीक्षकाने हा पुराणाचा अपमान आहे म्हणून झोड उठवली. सहलेखक क्रेमिओने ‘फिगारो’ या वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिले : नाटकात पाताळाचा देव प्लूटो याचे जे अलंकारिक भाषण तुम्हाला टाकाऊ वाटले, ते तुमच्याच एका लेखातून उचलले आहे. सारे पॅरिस ते भाषण ऐकायला लोटले. पहिल्या फेरीत 228 प्रयोग झाले.

एक व्यावहारिक सूचना. बाजारात या कृतीची दोन रूपे मिळतात. 1858 चे दोन अंकी, लहान वाद्यवृंदाचे. आणि 1874 चे चार अंकी, बॅले, मिरवणुका आणि डझनावारी जादा पात्रे घातलेले. रेकॉर्डिंग घेताना वर्ष पाहा. दोन्हींचे मिश्रण करणारे प्रयोगही पुष्कळ असतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने 1858 चे घ्यावे. त्यात एकही जागा सैल नाही.

‘कॅनकॅन’ त्यानेच शोधला का?

नाच त्याच्या आधीचा, 1830 च्या आसपासच्या पॅरिसच्या नाचघरांतला. आज जी धून ऐकली की पाय वर उडणाऱ्या नर्तकी डोळ्यांपुढे येतात, ती ‘ऑर्फे’तल्या पाताळातल्या मेजवानीची आहे. तिचे मूळ नाव ‘गालोप आँफेर्नाल’, म्हणजे नरकातला गालोप, गालोप हा एक वेगवान नाच. कॅबरेंनी ती नंतर उचलली. संगीतकार सें-साँसने ‘प्राण्यांचा कार्निव्हल’मध्ये हीच धून अतिशय संथ करून कासवाला दिली आहे. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा. धूनेचा सांगाडा किती साधा आहे, आणि वेगानेच तिच्यात किती प्राण येतो, हे लगेच कळते.

फ्रेंच येत नसेल तर विनोद कळणार कसा?

निम्मा विनोद चालीत आहे, तो भाषेशिवाय कळतो. उरलेल्याचा एक नमुना जवळून पाहू.

‘ला बेल एलेन’ (17 डिसेंबर 1864, व्हारिएते थिएटर) हे ट्रॉयच्या युद्धाआधीच्या हेलनचे नाटक. पहिल्या अंकात ग्रीसचे राजे एकेक करून येतात आणि आपली ओळख गाऊन देतात. हेलनचा नवरा मेनेलाउस म्हणतो, ‘ज स्वी लेपू द ला रेन’ : मी राणीचा नवरा. फ्रेंचमध्ये नवरा म्हणजे ‘एपू’. चाल अशी बांधली आहे की ओळीचा शेवटचा भाग पुन्हा गायचा, आणि तो शब्दाच्या मध्यावर तोडायचा. म्हणून पुढे येते ‘पू द ला रेन, पू द ला रेन’. फ्रेंचमध्ये ‘पू’ म्हणजे उवा. राजा छाती काढून, बिगुलाच्या थाटात, स्वतःला राणीच्या उवा म्हणवून घेतो आणि त्याला पत्ता नाही. मागे कोरस तेच दुमदुमवतो. अगामेम्नॉनच्या ओळीतही हीच युक्ती आहे. दाढीवाला म्हणजे ‘बार्बू’, त्याचे नुसते ‘बू’ उरते.

इथे संगीताने मुद्दाम चूक केली आहे. चांगली चाल शब्द तोडत नाही, हा नियम ज्याला रक्तात भिनलेला आहे त्यालाच तो इतक्या नेमक्या जागी मोडता येतो. संहिता आंरी मेलाक आणि ल्युदोव्हिक आलेव्ही या जोडीची. ऑफेनबाखच्या उत्तम वर्षांतले बहुतेक मोठे यश याच जोडीबरोबरचे, आणि ‘कार्मेन’ची संहिताही त्यांचीच.

1864 ते 1869 हा सुवर्णकाळ म्हणतात. नेमके काय काय आले?

‘ला बेल एलेन’नंतर 1866 मध्ये ‘बार्ब-ब्ल’ आणि 31 ऑक्टोबरला ‘ला व्ही पारिझियेन’, 12 एप्रिल 1867 ला ‘ला ग्रांद-दुशेस द जेरोल्स्टाइन’, 6 ऑक्टोबर 1868 ला ‘ला पेरिकोल’, 1869 च्या डिसेंबरात ‘ले ब्रिगां’.

यातली प्रत्येक कृती एका ठरावीक थिएटरच्या नटसंचाला बेतून शिवलेली आहे. ‘ला व्ही पारिझियेन’ पाले-रोयालसाठी. तिथले लोक हाडाचे विनोदी नट, गायक बेताचे. म्हणून त्यांच्या चाली आखूड टप्प्याच्या, लयीवर चालणाऱ्या. अवघड गाणे एका झुल्मा बुफारवर टाकले, ती एकच खरी गायिका होती. मोठ्या ऑपेरा हाउसमध्ये भरदार आवाजाचे गायक ही कृती करतात तेव्हा ती पुष्कळदा जड होते. दोष गायकांचा नाही, मापच वेगळे आहे.

व्हारिएतेकडे ओर्तांस श्नायडर होती. हेलन, ग्रँड डचेस, पेरिकोल या तिन्ही भूमिका तिच्या. पेरिकोलचे पत्र ऐका : उपाशी रस्त्यावरची गायिका प्रियकराला निरोपाचे पत्र लिहिते, चाल साधी, जवळजवळ बोलल्यासारखी, हसण्याची एकही जागा नाही. विनोदी नाटकाच्या मधोमध हे ठेवण्याची हिंमत लागते.

‘ग्रांद-दुशेस’ 1867 च्या जागतिक प्रदर्शनाच्या वर्षी आली. लहरी राणी, मूर्ख सेनापती बूम, आणि फुटकळ कारणासाठी छेडलेले युद्ध. रशियाचा झार आणि बिस्मार्क दोघांनीही ती पाहिली. तीन वर्षांनी फ्रान्स खऱ्या युद्धात हरला, आणि सैन्याची टर उडवणारी म्हणून तिच्यावर फ्रान्समध्ये बंदी आली.

ऑपेरा-कोमिक थिएटरने त्याला कधी घेतलेच नाही का?

घेतले, आणि फसले. ‘बार्कूफ’ (24 डिसेंबर 1860) आपल्या वाचकांना विशेष वाटेल, कारण ते लाहोरमध्ये घडते. मुघल बादशहा बंडखोर प्रजेला शिक्षा म्हणून आपला कुत्रा सुभेदार नेमतो. कुत्र्याची जुनी मालकीण, माइमा नावाची फूलवाली, त्याच्या भुंकण्याचा अर्थ लावायला बसते आणि कर कमी करून, कैदी सोडून प्रजेचे भले करते. सत्तेची ही थट्टा सेन्सॉरला रुचली नाही, समीक्षकांनी संगीतावर आग पाखडली, त्यात संगीतकार बेर्लिओझही होता. मोजक्या प्रयोगांनंतर कृती गाडली गेली ती 2018 च्या डिसेंबरात स्ट्रासबुर्गला पुन्हा उभी राहीपर्यंत. आमच्या मते ती पडण्यात तिच्या गुणांचा दोष कमी आणि जागेचा जास्त. ज्या प्रेक्षकाने बुफ-पारिझियेंमध्ये हे डोक्यावर घेतले असते, तो त्या इमारतीत वेगळ्या अपेक्षेने बसला होता.

त्याचा वाद्यवृंद इतका लहान का?

1858 च्या ‘ऑर्फे’ची मांडणी पाहा : दोन बासऱ्या (दुसरा वादक पिकोलोही वाजवतो), ओबो एकच, दोन क्लॅरिनेट, बासून एकच, दोन हॉर्न, दोन कॉर्नेट, एक ट्रोम्बोन, टिंपनी आणि तालवाद्ये, आणि तंतुवाद्ये. ट्रंपेटऐवजी कॉर्नेट हे महत्त्वाचे. कॉर्नेटचा आवाज मऊ, चपळ, गायकावर न चढणारा. आजचे वाद्यवृंद सोय म्हणून ट्रंपेट वापरतात आणि तंतुवाद्ये दुप्पट बसवतात, तेव्हा पहिली हानी होते ती शब्दांची. ऐकताना शब्द बुडत असतील तर रेकॉर्डिंग बदला.

तो इतक्या झपाट्याने लिहायचा कसा?

सुमारे शंभर रंगमंचीय कृती. घोडागाडीत त्याने लिहिण्यासाठी फळी बसवून घेतली होती. घरी माणसांचा गलबला चालू असताना तो लिही. शांतता लागत नसे. आधी गायनाची ओळ आणि शब्द, खालच्या ओळी रिकाम्या. मग तालीम. तालमीत जे लांबले ते निर्दयपणे कापायचे, नवे लिहायचे. वाद्यवृंदाची भरणी सर्वांत शेवटी. पहिल्या प्रयोगानंतरही कापाकापी चालूच. त्यामुळे त्याच्या कृतींची एकच ‘अंतिम’ प्रत असते ही समजूत सोडून द्यावी. संपादकांचे आजचे निम्मे काम हस्तलिखिते, सेन्सॉरची प्रत आणि वादकांचे कागद ताडून पाहण्याचे असते.

1870 नंतर काय बिघडले?

फ्रान्स-प्रशिया युद्ध. फ्रेंच वर्तमानपत्रांना तो जर्मन हस्तक वाटला, जर्मन पत्रांना देशद्रोही. शिवाय साम्राज्य कोसळल्यावर ज्या दिमाखाची तो थट्टा करी तो दिमाखच उरला नाही. 1873 मध्ये त्याने गेते हे प्रशस्त थिएटर घेतले आणि तमाशा मोठा करून गर्दी खेचायचे ठरवले. मोठा ‘ऑर्फे’ चालला. पण नाटककार सार्दूच्या ‘ला एन’ या गद्य नाटकावर चिलखते, पोशाख, देखावे यांत पाण्यासारखा पैसा ओतला आणि ते पडले. 1875 मध्ये थिएटर सोडून तो कर्जात बुडाला. 1876 मध्ये अमेरिकेचा दौरा केला तो मुख्यतः देणी फेडण्यासाठी. फिलाडेल्फियाला त्याच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्यांत जॉन फिलिप सूझा हा तरुण होता, पुढे मार्चसंगीतासाठी जगप्रसिद्ध झालेला.

‘हॉफमानच्या कथां’च्या इतक्या वेगवेगळ्या आवृत्त्या का?

कारण 5 ऑक्टोबर 1880 ला ऑफेनबाख वारला तेव्हा या शेवटच्या ऑपेराचे काम अपुरे होते. पहिला प्रयोग 10 फेब्रुवारी 1881 ला ऑपेरा-कोमिकमध्ये झाला. अखेर त्याच दारातून तो आत गेला, पण पाहायला तो नव्हता. संगीतकार एर्नेस्त गिरोने वाद्यवृंदाची भरणी पुरी केली आणि बोलायच्या संवादांच्या जागी गायचे संवादही रचले. प्रयोग लांबतो म्हणून दिग्दर्शक कार्व्हालोने व्हेनिसचा, म्हणजे जुलिएत्ताचा, अख्खा अंकच काढला, आणि त्यातले लाडके ‘बार्कारोल’ (नावाड्याच्या गाण्याच्या धर्तीचे गीत) दुसरीकडे चिकटवले. गोंधळ तिथून सुरू झाला. वर्ष सरायच्या आत व्हिएन्नाच्या रिंग थिएटरमध्ये दुसऱ्याच रात्री, 8 डिसेंबर 1881 ला, आग लागून शेकडो माणसे गेली. पुढे कितीतरी वर्षे हा ऑपेरा अपशकुनी समजला जाई.

रेकॉर्डिंग किंवा प्रयोग निवडताना तीन खुणा पाहा.

पहिली, अंकांचा क्रम. कवी हॉफमान तीन प्रेमांच्या कथा सांगतो : किल्लीवर चालणारी बाहुली ऑलिंपिया, गायले तर मरेल अशी आजारी आंतोनिया, गणिका जुलिएत्ता. ऑफेनबाखचा क्रम हाच. शूदाँ या प्रकाशकाच्या जुन्या प्रतीत जुलिएत्ता आंतोनियाच्या आधी येते. आंतोनियाचा अंक भावनेने सर्वांत भारी, म्हणून तो शेवटी बरा वाटतो. पण मग हॉफमानची घसरण उलटी लागते. आम्ही मूळ क्रमाच्या बाजूने आहोत.

दुसरी, हिऱ्याचे गाणे. जुलिएत्ताच्या अंकात खलनायक ‘सँतिय, दिआमां’ गात असेल, तर ती 1904 च्या मोंटे कार्लोच्या प्रयोगातली भर आहे. धून ऑफेनबाखचीच, पण ‘चंद्रावरची सफर’ या त्याच्या दुसऱ्या कृतीतून घेतलेली. त्याच अंकातले प्रसिद्ध समूहगानही तेव्हाचेच. ऐकायला देखणी आहेत, गायक ती सोडायला तयार नसतात. मूळ कृतीचा भाग नाहीत, इतके माहीत असावे.

तिसरी, हॉफमानचा मित्र निक्लाउस. 1970 च्या दशकापासून हरवलेली हस्तलिखिते सापडत गेली. फ्रिट्झ ओएझर, मग मायकेल के आणि जाँ-क्रिस्तॉफ केक यांनी नव्या संपादित प्रती काढल्या. त्यांत निक्लाउसला पुष्कळ गाणी परत मिळाली आणि तो म्हणजे वेष पालटलेली काव्यदेवता आहे हे स्पष्ट झाले. जुन्या प्रतीत तो नुसता सोबती वाटतो.

ही धून खरोखर त्याची का?

सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या तीन. ‘ऑर्फे’चे नेहमी वाजवले जाणारे ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचे वाद्यसंगीत : धुना त्याच्या, पण जुळणी कार्ल बिंडरने 1860 च्या व्हिएन्नाच्या प्रयोगासाठी केली. ‘गेते पारिझियेन’ : मान्युएल रोझांतालने 1938 मध्ये बॅलेसाठी त्याच्या धुना एकत्र बांधल्या. ‘बार्कारोल’ : त्याचेच, पण व्हेनिसशी आधी संबंध नव्हता, 1864 च्या ‘राइनकन्या’ या व्हिएन्नासाठी लिहिलेल्या जर्मन ऑपेरात ते पऱ्यांचे गाणे होते.

त्याचा पुढे कुणावर परिणाम झाला?

लंडनमध्ये सरळ पुरावा आहे. 25 मार्च 1875 ला रॉयल्टी थिएटरात ‘ला पेरिकोल’ चालू होते, आणि कार्यक्रम भरायला मागे एक छोटी कृती हवी होती. ती गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्रज लेखक-संगीतकार जोडीने लिहिली, ‘ट्रायल बाय ज्यूरी’. व्हिएन्नात योहान स्ट्राउसची ऑपेरेटा त्याच वाटेने गेली.

मराठी संगीत नाटकाशी थेट धागा जोडण्याचा मोह टाळावा. फक्त तारखा शेजारी ठेवाव्यात : ऑफेनबाख वारल्यावर 26 दिवसांनी, 31 ऑक्टोबर 1880 ला, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला.

हौशी गटाला मराठीत एखादी एकांकिका करायची असेल तर?

निवड : दोन पुरुष असतील तर ‘दोन आंधळे’. सोप्रानो (उंच स्त्रीआवाज), टेनर (उंच पुरुषआवाज), बॅरिटोन (मधला पुरुषआवाज) असे तिघे असतील तर 1873 ची ‘पॉम दापी’. थोडा मोठा संच आणि इटालियन ऑपेराची नक्कल करणारे गळे असतील तर ‘मस्यो शूफ्लरी’. त्यात नामवंत गायक घरच्या मैफलीला येत नाहीत आणि बाप, लेक, तिचा प्रियकर त्यांची सोंगे घेऊन गातात.

हक्क : ऑफेनबाखचे मूळ संगीत मुक्त आहे. जुने पियानो-गायन स्कोअर विनामूल्य मिळतात. नव्या संपादित प्रती आणि त्यांचे वाद्यवृंदाचे कागद मात्र भाड्याने घ्यावे लागतात. दोन्ही मिसळू नका. पट्ट्या आणि ओळी जुळत नाहीत आणि तालमीत तास वाया जातात. पियानो नसेल तर हार्मोनियम चालते, पण भात्याने सूर लांबतो आणि तुटक सोबत गुळगुळीत होते, म्हणून डाव्या हाताचे सूर आखूड सोडा.

भाषांतर : फ्रेंचमध्ये बोलताना गिळला जाणारा शेवटचा ‘अ’ गाताना वेगळा स्वर घेतो. मराठीतही ‘रात’, ‘हात’ हे बोलताना हलन्त आणि पदात ‘रातऽ’, ‘हातऽ’ असे पूर्ण होतात. म्हणून अशा ओळींच्या शेवटी अकारान्त शब्द टाका, चाल आपोआप बसते. दीर्घ ‘ई’ किंवा ‘आ’ टाकलात तर कमकुवत मात्रेवर जोर येतो आणि सगळी ओळ लंगडते. आधी प्रत्येक ओळीची अक्षरे मोजा, मग जोराच्या जागांवर खूण करा, शब्द शेवटी.

तालीम : पहिला आठवडा गाणी मूळ वेगाच्या निम्म्याने, नुसती बोलून, लयीत. शब्द सुटे पडेनात तोवर सूर लावू नका. गद्य संवाद कापून आखूड करा, मात्र ज्या वाक्यावरून गाणे सुरू होते ते कापू नका, कारण गाण्याचा पहिला शब्द बहुधा त्यालाच उत्तर असतो.